नव्या टाइल्सवर लॅब्रेडोर कुत्रीचे मागचे पाय फाकतात: दोष फरशीचा की नसेचा?

सुदामानगर_इंदूर:
लॅब्रेडोर मादी, वय 9 वर्षं, वजन 34 किलो. हॉलमध्ये चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्यापासून दारातच अडते. आत आलीच तर भिंतीला लागून चालते आणि मागचे पाय बाहेर फाकतात. ओट्यावर कोटा फरशी आहे, तिथे घसरत नाही. पण रस्त्यावर मागच्या डाव्या पायाचा खरखर आवाज येतो. बोट चिमटलं की तो पाय लगेच ओढून घेते, म्हणजे नस ठीक असावी ना? रबरी मोजे घातले तर भागेल का?

पंजा_आणि_पाठकणा:
टाइल्स आणि खरखर हे दोन वेगळे प्रश्न धरा. मला काळजी खरखरीची वाटते.

चिमट्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पाय झटकन ओढणं ही मज्जारज्जूच्या खालच्या भागातूनच होणारी क्रिया आहे, ती मेंदूपर्यंत न पोचताही होते. आपला पाय कुठे आहे, कसा टेकला आहे हे मेंदूला कळवणारे तंतू जाड असतात आणि मणक्यातली चकती दाबू लागली की बहुधा आधी तेच मंदावतात. खोल वेदनेचे तंतू सगळ्यात शेवटी जातात. म्हणून चिमटा कळतो, पण पाय वाकडा पडलेला कळत नाही, असं सर्रास दिसतं.

आधी नखं बघा. मागच्या डाव्या पायाची मधली दोन नखं वरच्या बाजूने घासून सपाट झाली असतील, तर ती पाय पूर्ण न उचलता फरफटत नेते आहे.

मग ही तपासणी करा, टाइलवर नाही, जाड पायपुसण्यावर. तिला सरळ उभी करा. एक हात पोटाखाली घालून मागचं वजन थोडं पेला, दुसऱ्या हाताने पंजा उलटा करून बोटांची वरची बाजू जमिनीला टेकवा आणि सोडा. निरोगी कुत्रं क्षणात पंजा सरळ करतं. दोन्ही पायांवर आलटून पालटून तीन-चार वेळा करा. वजन पेललं नाही तर खुब्याच्या दुखण्यानेही उशीर लागतो आणि निष्कर्ष चुकतो. बहुतेकांची चूक इथेच होते.

दुसरी खूण कागदाची. पंजाखाली कागद ठेवून हळूहळू बाहेरच्या बाजूला ओढा. पाय उचलून परत अंगाखाली घ्यायला हवा. कागदाबरोबर सरकत गेला तर पाय कुठे आहे याचा बोध कमी आहे.

नखं_आणि_फरशी:
मोजे नकोत, निदान दिवसभर तरी नकोत. तळव्याच्या गादीतूनच तिला जमिनीचा दाब कळतो, तो झाकून आपण तिची माहिती आणखी कमी करतो. शिवाय कुत्र्याला घाम तळव्यांनाच येतो, मोज्यात ओल राहून बोटांमध्ये बुरशी धरते.

त्यापेक्षा दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि झोपायच्या जागेपर्यंत रबरी पाठीची दोन-अडीच फूट रुंद पट्टी सलग टाका. मध्ये फट सोडली की ती नेमकी तिथेच अडेल. तळव्याच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीपर्यंत कापा, आत कात्री घालू नका. उभी असताना नखं जमिनीला टेकत असतील तर ती लांब आहेत. बोट वर ढकललं जातं आणि पकड सुटते. दर आठवड्याला 1-2 मिलिमीटर कापा. काळ्या नखात कापलेल्या तोंडावर मधोमध ओलसर गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉर दाबून धरा.

चकाकीही अडवते. कुत्र्याच्या डोळ्यात आतल्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब जमिनीवर पडलं की पुढे काय आहे हे तिला उमगत नाही. दुपारी पडदा ओढून फरक पडतो का बघा. आणि 34 किलो जास्तच आहेत. बरगड्या हाताला लागत नसतील तर खाणं कमी करा.

माळव्यातला_गोठा:
मान एका बाजूला कलते का, डोळे आपोआप हलतात का, हेही बघा. तसं असेल तर बहुधा कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र बिघडलंय, मणका नव्हे.

सुदामानगर_इंदूर:
मान सरळ, डोळे स्थिर. डाव्या पायाची मधली नखं घासलेली आहेत. उजवा पंजा लगेच सरळ केला, डावा प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद तसाच राहिला.

पंजा_आणि_पाठकणा:
मग ताई, या आठवड्यातच दाखवा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. नेण्याआधी ओट्यावर तिला सावकाश चालवून मागून आणि बाजूने व्हिडिओ काढा. दवाखान्यात घाबरून ती वेगळी चालते. साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे तो चांगला आला म्हणून विषय संपवू नका. गोचीड कधी लागले होते तेही सांगा.

तोवर उड्या आणि जिने बंद. उठवताना पोटाखालून टॉवेल घालून आधार द्या. माणसांची ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम अजिबात नको, पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड जातं. लघवी अडली किंवा थेंबथेंब गळू लागली, अथवा मागचे पाय उभेच राहिले नाहीत, तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी न्या.