झेपेलिनचा आवाज नक्की कोणाचा: लेस पॉलचा की बॉनमच्या ड्रमचा?

तालवेडा:
काल 'सहा तारा' यांनी इथे लिहिलं, "लेड झेपेलिनचा आवाज म्हणजे जिमी पेजची १९५९ची लेस पॉल. मागे बॉनमऐवजी कोणीही धडाधड वाजवलं असतं तरी चाललं असतं." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: झेपेलिन हा ब्रिटिश रॉक बँड, पेज त्याचा गिटारवाला, बॉनम ड्रमर, आणि लेस पॉल ही गिब्सन कंपनीची गिटार.

पहिला अल्बम जानेवारी १९६९चा. त्यात लेस पॉल दाखवा मला. ती टेलिकास्टर आहे, म्हणजे फेंडर कंपनीची गिटार, गिटारवादक जेफ बेकने दिलेली, पेजने स्वतः ड्रॅगन रंगवलेली, आणि छोट्याशा सुप्रो अँप्लिफायरवर वाजलेली. गिटारवादक जो वॉल्शकडून लेस पॉल आली ती त्यानंतर. 'स्टेअरवे टू हेवन' गाण्यातला गिटारचा सोलोसुद्धा टेलिकास्टरवरच रेकॉर्ड झालाय. स्टेजवर दोन माना असलेली गिब्सन दिसते म्हणून लोक गिब्सन-गिब्सन करत बसतात.

आता बॉनम. लाकडाचा सेट झाला, अॅक्रिलिकचा झाला, स्टीलचा झाला, लडविग कंपनीचा २६ इंची बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मात्र त्याने सोडला नाही. बाकीचे ड्रमर २२ इंचीवर खूश होते. पडद्याचा ताण चढा, आत उशा-गोधड्या कोंबलेल्या नाहीत, त्यामुळे ठोका पडल्या पडल्या मरत नाही. झेपेलिनच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' गाण्याची सुरुवात चांगल्या हेडफोनवर ऐका. हँपशरमधलं हेडली ग्रेंज हे जुनं घर, ड्रम खाली हॉलमध्ये, आणि साउंड इंजिनिअर अँडी जॉन्सने वरच्या जिन्यातून सोडलेले दोन माइक. त्यात बिन्सन यंत्राचा थोडा एको. गिटार सुरू व्हायच्या आधीच अंगावर काटा येतो. तिथे 'कोणीही' वाजवून दाखवा.

सहा तारा:
तुमच्याच पोस्टमध्ये तुमचं उत्तर आहे. सेट बदलत गेले म्हणता, मग श्रेय लडविगचं कसं? आणि 'लेव्ही'च्या अल्बमचा निर्माता कोण होता? जिमी पेज! माइक लांब ठेवून खोलीचा आवाज पकडायचा नाद त्याचाच. म्हणजे तुमच्या लाडक्या ड्रमचा आवाजसुद्धा गिटारवाल्याच्या कानातूनच आला.

बाकी पुरावे राहू द्या. कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा ड्रमर आयत्या वेळी आला नाही. मी एकट्याने झेपेलिनच्या 'होल लॉटा लव्ह'चं रिफ (गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा) सुरू केलं आणि मागचे बाक उभे राहिले. नुसतं ड्रम वाजवून हे होतं का?

कोल्हापुरी ठेका:
ड्रमर आला नाही म्हणे! आता त्याला बोलावतंय कोण? मी ऑर्केस्ट्रात खरा सेट वाजवलाय. टेंपोतून उतरवायचा, स्टँड आवळायचे, कडेच्या प्रत्येक लगची, म्हणजे ताणाच्या खुंटीची, किल्ली फिरवून हेड (पडदा) सुरात आणायचं. बासवाल्याने एक सूर छेडला की स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा आपोआप झणझणायच्या, त्या बंद करायला धावायचं. मग ऑक्टोपॅड आला, काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड. एक पिशवी, एक माणूस, त्यातच हलगी, संबळ, ढोलकी, ड्रम. आयोजक म्हणाला, "जागा कमी लागते." संपला आमचा विषय. ज्या 'लेव्ही'च्या ठोक्यावर तुम्ही भांडताय तो १९८६मध्येच बीस्टी बॉइज या रॅप ग्रुपने उचलून आपल्या गाण्याखाली घातला. माणूस वाजवतोय कुठे?

पॅडवाला:
ठेका साहेब, मी ऑक्टोपॅड वाजवतो आणि घर त्यावर चालवतो. लग्नाच्या हॉलमध्ये खरा सेट लावला तर गायिकेचा आवाज दुसऱ्या रांगेलाही पोचत नाही. हॉलवाला येऊन आवाज कमी करायला सांगतो. सेटचा आवाज कमी कसा करणार? पॅडवरसुद्धा हातात लय लागतेच.

कोल्हापुरी ठेका:
हळू वाजवता येणं हीच तर ड्रमरची परीक्षा असते! आवाज कमी करायचं बटण मिळालं आणि तुमची पिढी मनगट विसरली.

पॅडवाला:
पिढीवर जाऊ नका. तुम्हाला काम मिळेना तो राग माझ्यावर कशाला? माझं मनगट तुम्ही पाहिलेलं नाही.

तालवेडा:
अहो, धागा झेपेलिनचा आहे! तरी ठेका यांचा एक मुद्दा मला पटतो. झेपेलिनच्या 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'मध्ये बास ड्रमवर जे तिहेरी ठोके आहेत ते एका पायाने, एका पेडलवर काढलेत. पॅडवर दाबून ते येत नाहीत.

मंद्र:
दोन्ही बाजूंनी एक गोष्ट ऐकावी. १९७२मध्ये पेज आणि झेपेलिनचा गायक प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. ते २०१५मध्ये झेपेलिनच्या 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आलं. बॉनम एका हातात दोन अशा चार काठ्या घेऊन वाजवायचा म्हणून गाण्याचं नाव 'फोर स्टिक्स', आणि मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये बॉनमच नाही. लेस पॉलही नाही. तरी पहिल्या काही मात्रांत गाणं ओळखू येतं. मला तर रचना हेच उत्तर वाटतं.

तालवेडा:
ओळखू येतं, पण जमिनीवर पाय रोवून उभं राहत नाही. मूळ लावा आणि लगेच हे लावा. १९८०मध्ये बॉनम गेला तेव्हा उरलेल्या तिघांनी दुसरा ड्रमर शोधला नाही, डिसेंबरात बँडच थांबवला. 'कोणीही चाललं असतं' हे खुद्द पेजला मान्य नव्हतं, तुम्ही कशाला म्हणताय?

सहा तारा:
ठीक आहे, 'कोणीही' हा शब्द मागे घेतो. पहिल्या अल्बमवर टेलिकास्टर आहे हेही मान्य. पण दुसऱ्या अल्बमपासून पुढचा दणका लेस पॉलचाच, त्यावरून मी हलणार नाही. आणि निर्माता पेज, याला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

तालवेडा:
निर्माता म्हणून पेजला शंभर टक्के मान. त्याच्या लेस पॉलला नाही.

कोल्हापुरी ठेका:
पॅडवाले, पुढचा कार्यक्रम कुठे आहे तेवढं सांगा. मी सेट घेऊन येतो, हॉलवाल्याशी मी बोलतो. एक गाणं तुम्ही वाजवा, एक मी. गायिकेलाच विचारू कोणाबरोबर गायला बरं वाटलं.

पॅडवाला:
या. टेंपोचं भाडं तुमचं.