मदत हवी आहे : तंबाखूमुक्तीवरच्या संशोधनाची फेलोशिप घेऊ की नको? सोमवारपर्यंत कळवायचंय

रानजाई
सहा वर्षं याच विषयात काम करतेय. आता दोन वर्षांची फेलोशिप मिळतेय. पगार सध्याच्या दुपटीहून जास्त, फील्डवर चार माणसं, शिवाय परदेशी परिषदांचा खर्च. माझे सर म्हणाले, "घेतलीस तर या क्षेत्रात पुन्हा तोंड दाखवता येणार नाही." कारण विचारलं तर म्हणे, तुला माहीत आहे. घरचे म्हणतात, चालून आलेली लक्ष्मी कोण परत पाठवतं? मला पुढे प्राध्यापक व्हायचंय. दारं बंद होतील का, एवढंच सांगा. "मनाचा कौल घे" वगैरे नको, तो घेऊन झालाय. जरा लवकर सांगा प्लीज.

ताकभात
शिक्षण काय? भारतात की बाहेर? काम सिगरेटवर की खायच्या तंबाखूवर? फेलोशिप कोण देतंय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

दादरचे_आजोबा
बाळा, मी एकतीस वर्षं सिगरेट ओढली आणि निकोटिनच्या च्युइंगमने सोडली. लोक ते साध्या च्युइंगमसारखं चघळत बसतात आणि गुण येत नाही म्हणतात. हळू चावायचं, चुणचुणलं की गाल आणि हिरडीच्या मधे धरून ठेवायचं. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही. पहिला आठवडा फार कठीण जातो, पण निभतं.

रानजाई
आजोबा, धन्यवाद, पण मी ओढत नाही. मला सोडवायची आहे, ती लोकांची.
ताकभात, बीडीएस (दंतवैद्यक), मग एमपीएच (सार्वजनिक आरोग्य). मुंबईत. बचतगटांतल्या मशेरी लावणाऱ्या बायकांवर काम. बाकी तपशिलाने काय फरक पडतो?

खडूफळा
स्पष्ट सांगतो. या विषयात आपल्याकडे करिअर नाही. फेलोशिप घ्या, दोन पेपर काढा आणि लंडन नाहीतर अमेरिका गाठा. मी स्वतः वेगळ्या विषयात हेच केलं.

ताकभात
असहमत. प्रकाश गुप्तांचं नाव ऐकलंय? टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे टीआयएफआरमधले, संख्याशास्त्रज्ञ. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम इथल्या ३६,००० तंबाखू घेणाऱ्यांना तो सोडायला मदत करून तोंडाच्या कर्करोगाआधीचे चट्टे कमी होतात का, हे त्यांच्या गटाने तपासलं. १९८६मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. श्रीकाकुलमच्या बायका चुट्ट्याचं (तंबाखूच्या पानाच्या जाड विडीचं) जळतं टोक तोंडात धरून ओढतात. असा प्रश्न लंडनमध्ये बसून सुचला असता का? नंतर मुंबईत १९९१ ते ९७ मतदारयाद्या घेऊन घरोघर जाऊन १,४८,१७३ माणसांची नोंद केली आणि पुढे कोण कशाने दगावलं याचा माग ठेवला. सगळी कारकीर्द इथली.

खडूफळा
एक गुप्ता दाखवून नियम होत नाही. टीआयएफआरसारखा आधार किती जणांना मिळतो?

निळीशाई
तुमचं भांडण नंतर. रानजाई, पैसे कोणाचे? सर उगाच असं बोलणार नाहीत.

रानजाई
संस्था स्वतंत्र आहे. तिला निधी सिगरेट कंपनीकडून येतो. पण निष्कर्षांत ढवळाढवळ करणार नाही असं करारात स्वच्छ लिहिलंय. आणि काम मशेरी सोडवण्याचंच आहे, म्हणून मला ते एवढं मोठं वाटलं नाही.

निळीशाई
अहो, मग हाच तर तुमचा प्रश्न आहे!
१९५४मध्ये अमेरिकेतल्या सिगरेट कंपन्यांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत निवेदन छापून स्वतःच्या खर्चाने संशोधन समिती काढली. प्रमुख म्हणून नावाजलेला शास्त्रज्ञ नेमला. पुढची कित्येक वर्षं, सिगरेटने कर्करोग होतो याला "अजून पुरावा पुरेसा नाही" हेच ऐकू येत राहिलं. २०१७मध्ये फिलिप मॉरिस या सिगरेट कंपनीने धूरमुक्त जगासाठी म्हणून निघालेल्या एका प्रतिष्ठानाला बारा वर्षं दरवर्षी आठ कोटी डॉलर कबूल केले. जानेवारी २०१८मध्ये अमेरिका-कॅनडातल्या सतरा सार्वजनिक आरोग्य विद्याशाखांनी तो पैसा घेणार नाही असं जाहीर केलं.
आता तुमच्या दारांचं. वैद्यकीय नियतकालिकांपैकी 'प्लॉस मेडिसिन'ने २०१०पासून आणि 'बीएमजे'ने २०१३पासून तंबाखू उद्योगाच्या पैशातलं संशोधन छापणं बंद केलंय. 'टोबॅको कंट्रोल'चंही तेच. मग पेपर कुठे देणार? आणि पेपर नाहीत तर प्राध्यापकी कुठली?
नॉटिंगहॅम विद्यापीठाने २०००मध्ये ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोकडून ३८ लाख पौंड घेतले, तेही व्यवसायनीतीच्या केंद्रासाठी. 'बीएमजे'चे संपादक रिचर्ड स्मिथ तिथे मानद प्राध्यापक होते. त्यांनी वाचकांचं मत घेतलं आणि पद सोडलं.

खडूफळा
पैशाला जात नसते. ब्रिटिश तंबाखू-संशोधक मायकेल रसेल १९७६मध्येच म्हणाले, लोक निकोटिनसाठी ओढतात आणि धुरातल्या डांबराने (टार) मरतात. कंपनीच्या पैशातून कमी घातक काही निघत असेल तर हरकत काय?

ताकभात
रसेल सिगरेटबद्दल बोलत होते. मशेरीत धूर कुठे आहे? २०१६-१७च्या गॅट्स या प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ ओढणारे आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू घेणारे निघाले. सिगरेट कंपनीला मशेरी सुटल्याने तोटा काय होणार? नाव मात्र पांढरं होतं. रानजाई, निष्कर्ष कोणी बदलणारही नाही. प्रश्न निवडतानाच त्यांचं काम होऊन गेलेलं असतं.

गुळपोळी
थोडं अवांतर. माझी आई चाळीस वर्षं मशेरी लावते. म्हणते, त्याशिवाय पोट साफ होत नाही. काय करू?

रानजाई
गुळपोळी, ही तक्रार मला दर तिसऱ्या घरात ऐकू येते आणि ती खोटी नाही. निकोटिनने आतडी हलतात. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होते, मग बायका घाबरून पुन्हा तव्यावर तंबाखू भाजतात. म्हणून आधी पोटाची सोय करा. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, गरज वाटली तर डॉक्टरांकडून इसबगोल. मग एकेक वेळ कमी करा, सकाळची शेवटी. आईला रागावू नका. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड कमी उघडायला लागलं, तर थांबू नका, लगेच दाखवा. सोडण्यासाठी सरकारी मोफत फोन आहे, १८००-११-२३५६.

निळीशाई
वरचा प्रतिसाद वाचूनच सांगते, हे काम सोडू नका. पण कराराची प्रत नीट वाचा. माहितीची मालकी कोणाची आणि छापण्याआधी मसुदा कोणाला दाखवायचा, ही दोन कलमं बघा.

रानजाई
आत्ता पाहिलं. छापण्याआधी तीस दिवस मसुदा "अभिप्रायासाठी" द्यायचा आहे. हे कलम मी आधीही वाचलं होतं आणि पुढे गेले होते. पगाराचा आकडा डोळ्यांसमोर होता. ज्या बायकांनी मला चुलीपाशी बसवून डबी दाखवली, त्यांना मी पैसे कोणाचे हे सांगू शकले नसते. सोमवारी "नाही" असं कळवतेय. सरांना आजच फोन करते.
पण माझा सध्याचा प्रकल्प मार्चमध्ये संपतोय. आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) किंवा दुसरं सरकारी अनुदान मिळवलेलं कोणी इथे आहे का? अर्ज कसा लिहायचा, कोणी दाखवेल का?

ताकभात
मी दोनदा लिहिलाय, एकदा मिळालं. विपू (विचारपुशीत निरोप) करते. आधी हे सांगा, तुमच्या संस्थेत कायम नोकरीवर असलेलं कोणी प्रमुख संशोधक म्हणून सही करेल का? आणि नीतिसमितीची मंजुरी कधीपर्यंतची आहे?