भाड्याचं घर, दीड फुटाचा कोपरा आणि पाच जणांचे ओले कपडे: स्टँड कसा करून घ्यावा?

सकाळची_लोकल
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेत राहतो, माणसं पाच. मालक सज्जन आहेत, पण भिंतीला एकही भोक पाडायचं नाही असं करारातच आहे. म्हणजे खुंटाळं बाद.

दारातून आत आलं की उजवीकडे एक कोपरा उरतो. दोन्ही भिंतींना धरून १८ इंच, त्यापुढे चपलांचं कपाट. तिथे लटकवायचंय ते असं: नवऱ्याचा पोटरीपर्यंतचा रेनकोट, माझा विंडचीटर, माझी लॅपटॉपची सॅक (डबा-बाटलीसकट साडेपाच किलो, काट्यावर ठेवून बघितली), सासऱ्यांची टोपी आणि बाजाराची पिशवी, सासूबाईंची शाल, चौथीतल्या लेकीचं दप्तर. जून ते सप्टेंबर यातलं निम्मं ओलं. सध्या ओलं सगळं जेवणाच्या खुर्च्यांवर पडतं, त्यावरून सासूबाई रोज एकदा बोलतात, आणि बरोबरच बोलतात.

शेजारणीकडे तयार स्टँड आहे. मधोमध दांडा, खाली चार पाय, वर फांद्या. एका बाजूला सॅक अडकवली की समोरच्या बाजूला काहीतरी अडकवावंच लागतं, नाहीतर कलतो. सकाळी ७:०८ पकडायची असताना तराजूची पारडी सांभाळायला मला वेळ नाही.

ओळखीचे सुतार आहेत, करून देतील. पण "मॅडम, डिझाइन द्या" म्हणतात. दाराच्या मागचे हुक सुचवू नका, दार आणि चौकटीत तेवढी फट नाही. जमिनीपासून छतापर्यंत ताणून बसणारा खांबही नको. वर पीओपीचं छत आहे, त्याला तो दाब सोसणार नाही.

कमी_सामान
सगळं एकाच स्टँडवर का? रोजचं तेवढं बाहेर, शाल कपाटात. आणि स्टँडवर हँगर लावायचा मोह टाळा. मोठ्या माणसाचा हँगर १७ इंचांच्या आसपास रुंद असतो, तुमचा कोपरा दोन हँगरमध्येच संपला. नुसत्या खुंट्या ठेवा.

फाउंड्रीवाला
ताई, मी कोल्हापूरचा. शिरोलीला फाउंड्रीत पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने) करण्यात उमर गेली, त्यामुळं लाकडाचं थोडंफार कळतंय. सुतारांना हे वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, खांब मधोमध नको. मोकळ्या खोलीत चारी बाजूंनी कपडे लावायचे असतील तर मधला खांब ठीक. तुमच्याकडं दोन बाजूंना भिंत आहे, तिकडं स्टँड पडणारच नाही. पडला तर पुढंच. मग खांब पार मागं सरकवा, दोन्ही भिंतींपासून तीन-तीन इंच, आणि पाया सगळा पुढं पसरू द्या. पायाचा आकार पाव वर्तुळ, त्रिज्या १८ इंच. पुढचा कोपरा गोल झाल्यानं येताजाता पायालाही लागणार नाही.

फरक किती पडतो बघा. १८ इंच व्यासाच्या चार पायांच्या स्टँडला दोन पायांमधली कड (पायांची टोकं जोडणारी रेघ, स्टँड तिच्यावरनंच उलटतो) खांबापासून सव्वासहा-साडेसहा इंचांवरच असते. फांदी तेवढी बाहेर आली की सॅकचं वजन कडेच्या बाहेर गेलं. तीन पायांचा असला तर साडेचारच इंच, म्हणून तीन पायांचे दिसायला नाजूक आणि वागायलाही नाजूक. आपल्या पाव वर्तुळात तीच कड समोर जवळजवळ फूटभर लांब. खुंट्या चार इंच पुढं आल्या तरी सगळं वजन पायाच्या आतच पडतंय. सामान जेवढं लावाल तेवढा स्टँड उलट घट्ट बसेल.

आता वजन. पायाला खाली १८ मिमीचा प्लाय, वॉटरप्रूफ घ्या, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) पाणी पिऊन फुगतंय. त्यावर त्याच आकाराचा कडाप्पा, २० मिमी जाडीचा. आठेक किलो भरेल. फरशीवाल्याकडून मागच्या कोपऱ्यात खांबापुरती खाच पाडून घ्या. दगडाला भोक पाडायला लावू नका, कडेजवळ तडकतंय. ओला रेनकोट ठिबकला तरी दगडावर, फडकं मारलं की झालं.

खरा कमजोर भाग म्हणजे खांब आणि पाया जिथं भेटतात तो सांधा. वर साडेपाच फुटांवर हिसका बसला की सगळा जोर तिथं येतोय. नुसते दोन स्क्रू मारले तर दिवाळीपर्यंत खांब डुलायला लागेल. प्लायचे दोन तिकोनी पंख करा, फूटभर उंच, एकेका भिंतीला समांतर, खांबाला आणि पायाला फेव्हिकॉल लावून स्क्रूनं आवळलेले. कोपऱ्यात ते डोळ्यावरही येत नाहीत. मोकळ्या स्टँडला ही सोय नाही, तिथं पंख मधेच आडवे येणार.

खांब दोन इंच चौकोनी. सागवान परवडलं तर उत्तमच, पण पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन रंधा मारून घेतलं तरी चालतंय. गाठ मात्र खुंटीच्या भोकावर येऊ देऊ नका. खुंट्या २० मिमीच्या गोल दांडीच्या, टोक गोलसर, बाहेर जाताना किंचित वर चढत्या. दोन खुंट्यांची भोकं एका उंचीवर घेऊ नका. आत एकमेकांना छेदली की दोन इंचांच्या खांबात लाकूड उरत नाही. दोन-अडीच इंच वरखाली ठेवा.

मालवणी_वेल्डर
वरचं डिझाइन झकास. लोखंडात करायचं तर एक इंची चौकोनी पाइप, १.६ मिमी जाडीचा, मीटरला सव्वा किलोच्या आत बसतो. भोकं, वेल्डिंग सगळं आधी आणि पावडर कोटिंग सगळ्यात शेवटी. नंतर एक जरी भोक पाडलं तरी गंज तिथूनच सुरू. आमच्याकडे खाऱ्या हवेत तर बघायलाच नको. पाइपची वरची तोंडं बंद करा.

आणि ती बाहेरची भिंत असेल तर ओला कोट तिला चिकटू देऊ नका. पोपडे धरतील आणि मालक डिपॉझिटातून कापतील.

सकाळची_लोकल
फाउंड्रीवाले काका, आजच फरशीवाल्याला विचारते. भिंत जिन्याकडची आहे, ओल नाही. अजून दोन शंका. लेक दप्तर काढत नाही, ओढते. आणि सासऱ्यांना खांद्याच्या वर हात नेताना त्रास होतो. खुंट्यांच्या उंची काय ठेवू?

फाउंड्रीवाला
ओढण्याचं गणित वेगळं हां. खाली ओढलं तर काळजी नाही, पुढं ओढलं तर जेवढ्या उंचीवरनं ओढाल तेवढी उलटवायची ताकद जास्त. अडीच फुटांवर जो हिसका पचतो तोच पाच फुटांवर दुप्पट लागतोय. म्हणून दप्तर आणि तुमची सॅक दोन्ही खाली, अडीच ते तीन फुटांवर. सासऱ्यांची टोपी-पिशवी चार फुटांवर. वर पाच फुटांच्या पुढं फक्त हलकं आणि लांब: रेनकोट, विंडचीटर, शाल. पोटरीपर्यंतचा रेनकोट तिथनं सोडला तरी दगडापासून फूटभर वर राहील.

फक्त रेनकोटची खुंटी आणि सॅकची खुंटी एका रेषेत नको, नाहीतर ओला कोट लॅपटॉपवर. सॅक एका भिंतीच्या बाजूला, रेनकोट दुसऱ्या. दगडाची कड मशीनवर गोल करून घ्या आणि प्लायच्या खाली रबराचे गट्टू लावायला सांगा, पुढच्या गोल कडेला तीन आणि मागं एक.