अनुभव धागा : उडत्या विमानात बिघाड झाला की हात नेमका कुठे जातो?

धाग्याची सुरुवात

एअरलाइनमध्ये उडणाऱ्या आणि विमानांची देखभाल करणाऱ्या सगळ्यांना आमंत्रण. 'आम्ही कसे वाचलो' हे बाजूला ठेवू. कुठला दिवा लागतो, कुठलं बटण, किती सेकंद थांबायचं आणि माणसं कुठे चुकतात, एवढंच लिहा. परवान्याचा अभ्यास करणारी मुलंमुली हा धागा वाचणार आहेत, त्यामुळे तपशील गाळू नका.

कॅप्टन, ए-३२०

टेकऑफनंतर इंजिनाला आग लागली तर काय करायचं, तिथून सुरू करतो. घंटा वाजली की लगेच बटणं दाबायची असतात, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात चाकं वर घेणं सोडलं तर जमिनीपासून ४०० फूट वर जाईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, घंटा वाजत असली तरी. तोवर विमान सरळ ठेवायचं. उजवं इंजिन गेलं की नाक उजवीकडे ओढलं जातं, मग डाव्या पायाने रडर (शेपटीवरचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा पडदा) दाबायचा. समोरच्या स्क्रीनवर घसरण दाखवणारी पिवळी खूण अशा वेळी निळी होते. ती मधोमध आणली की रडर बरोबर बसला.

४०० फुटांनंतर उडवणारा 'इकॅम अ‍ॅक्शन्स' म्हणतो आणि शेजारचा इकॅमच्या, म्हणजे बिघाड आणि त्यावरच्या पायऱ्या दाखवणाऱ्या स्क्रीनच्या, ओळी वाचत काम सुरू करतो. थ्रस्ट लिव्हर (इंजिनाची ताकद ठरवणारा दांडा) आयडलवर, म्हणजे सर्वांत कमीवर, इंजिन मास्टर स्विच बंद, मग फायर पुशबटण. या एका बटणाने त्या इंजिनाचं इंधन, हायड्रॉलिक, ब्लीड हवा (इंजिनातून केबिनसाठी काढलेली हवा) आणि जनरेटर तोडले जातात. त्यानंतर १० सेकंद थांबून आग विझवणाऱ्या वायूची पहिली बाटली सोडायची. हे १० सेकंद फार महत्त्वाचे. पंखा जोरात फिरत असताना वायू सोडला तर तो वाऱ्याबरोबर मागे निघून जातो, आगीवर टिकत नाही. ३० सेकंदांनीही लाल दिवा तसाच असेल तर दुसरी बाटली. तिसरी नसते.

थ्रस्ट लिव्हर, मास्टर आणि फायर बटण या तिन्हींवर नुसता हात ठेवायचा आणि विचारायचं, 'कन्फर्म?' शेजाऱ्याने मान वळवून, बोट कुठे आहे ते स्वतः बघून उत्तर द्यायचं. मान न वळवता आलेलं 'कन्फर्म्ड' मी उत्तर धरत नाही. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ७३७-४०० पडलं. पातं डाव्या इंजिनाचं तुटलं होतं आणि बंद केलं गेलं चांगलं चालणारं उजवं. उजवं बंद केल्यावर थरथर कमी झाली, म्हणून निर्णय बरोबर वाटला. ४७ माणसं गेली.

फर्स्ट ऑफिसर, एटीआर-७२

वरच्या मुद्द्याला जोडून. प्रॉपेलरच्या विमानात गेलेलं इंजिन ओळखताना चूक होणं आणखी सोपं आहे, कारण आमच्याकडे इंजिन गेलं की प्रॉपेलरची पाती आपोआप वाऱ्याला धार दाखवून उभी राहतात. यालाच ऑटोफेदर म्हणतात. त्याच वेळी दुसऱ्या इंजिनाची ताकद आपोआप वाढते. हे सगळं क्षणात होतं आणि आपण काही करायच्या आधीच तीनचार आकडे हललेले असतात.

४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत नदीत पडलेल्या एटीआरमध्ये दोन नंबरचं इंजिन खरं तर चालू होतं. ऑटोफेदरच्या पेटीतल्या सदोष जोडणीमुळे फक्त पाती वळली होती. लिव्हर मात्र एक नंबरचा मागे घेतला गेला आणि पुढे तेच इंजिन बंद केलं गेलं. ५८ पैकी ४३ जण गेले. म्हणून आधी पाय बघा, जो पाय मोकळा त्या बाजूचं इंजिन गेलेलं. मग टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आणि प्रॉपेलरचे फेरे वाचा, तेही मोठ्याने. आकडा तोंडाने म्हटला की शेजाऱ्यालाही तपासता येतो.

कॅप्टन, ७३७

केबिनमधला हवेचा दाब. ७३७ मध्ये केबिनची उंची, म्हणजे आतला दाब जितक्या उंचीवरच्या हवेइतका असतो ती, १०,००० फुटांवर गेली की थांबून थांबून वाजणारा भोंगा सुरू होतो. टेकऑफसाठी फ्लॅप (पंखांमागचे पडदे) वगैरे नीट लावलेले नसतील तर जमिनीवरही हाच भोंगा वाजतो. खरा घोळ इथेच आहे. १४ ऑगस्ट २००५ ला ग्रीसमध्ये पडलेल्या ७३७-३०० मध्ये दाबाचा निवड-स्विच 'मॅन्युअल'वर राहिला होता. भोंगा वाजला तेव्हा तो टेकऑफ कॉन्फिगरेशनचा समजला गेला. १२१ जण गेले. नंतर या दोन इशाऱ्यांसाठी वेगळे लाल दिवे आले, पण कानाला आवाज अजून तोच आहे. हवेत हा थांबून थांबून वाजणारा भोंगा आला की तो दाबाचाच. आधी मास्क, शोध नंतर.

घाई करावी अशी कामं फार थोडी, त्यातलं हे एक. ३५,००० फुटांवर शुद्ध विचार करायला ३० ते ६० सेकंद मिळतात, आणि आपण गडबडतोय हे आपल्याला कळत नाही, उलट मजेत वाटतं. म्हणून मास्क, मग माइक मास्कवर घेऊन शेजाऱ्याशी बोलून बघणं, मग दाब हाताने सावरायचा प्रयत्न, आणि तो जमला नाही तर थ्रस्ट आयडल, स्पीडब्रेक (पंखांवरच्या वेग रोखणाऱ्या फळ्या) वर आणि विमान खाली. ३५,००० वरून १०,००० ला यायला साधारण चार मिनिटं लागतात. रचनेला इजा झाल्याचा संशय असेल, म्हणजे धडाका ऐकू आला असेल, तर वेग वाढवायचा नाही.

प्रवाशांचे मास्क केबिन १४,००० फुटांवर गेली की पडतात. तो खाली *ओढावा* लागतो, त्याशिवाय वरचा ऑक्सिजन बनवणारा रासायनिक जनरेटर सुरूच होत नाही. जळकट वास येतो, पिशवी नीट फुगत नाही, दोन्ही ठीक आहे. पुरतो १२ मिनिटांच्या आसपास.

१०,००० फूट सगळीकडे चालत नाही. महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट, त्यामुळे सह्याद्रीवर डोळे मिटून १०,००० ला येता येतं. दिल्ली–लेह मार्गावर नाही. तिथे कुठल्या बिंदूपासून कुठल्या बाजूला वळायचं ते निघण्याआधी कागदावर ठरलेलं असतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात सुमारे ३० प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं. कारण एवढंच की इंजिनांचे ब्लीड स्विच चालू केलेले नव्हते. टेकऑफनंतरच्या चेकलिस्टमध्ये हे स्विच आणि दाब बघायची ओळ असते. ती घोकून म्हणू नका, बोट लावून म्हणा.

कॅप्टन, मोठी विमानं

इंधनगळती. इकॅमला ती थेट दिसत नाही, गणित आपण करायचं. टाकीतलं अधिक वापरलेलं, ही बेरीज निघतानाच्या आकड्याइतकी यायला हवी. निघताना ४६ टन होतं आणि आता वापर ११.२ दाखवतोय, तर टाकीत ३४.८ हवं. ३३.१ असेल तर १.७ टन बाहेर गेलं. समुद्रावर असताना ही बेरीज निदान दर अर्ध्या तासाने कागदावर करा.

बहुतेक वेळा आधी दिसतो तो दोन पंखांतला असमतोल. हात आपसूक क्रॉसफीडकडे (दोन्ही बाजूंचं इंधन जोडणाऱ्या झडपेकडे) जातो, आणि तो उघडला की चांगल्या बाजूचं इंधनही गळक्या इंजिनाकडे जातं. २४ ऑगस्ट २००१ ला टोरोंटोहून लिस्बनला जाणाऱ्या ए-३३० मध्ये तेच झालं. उजव्या इंजिनावर काही दिवसांपूर्वी जुळत नसलेला हायड्रॉलिक भाग बसवला गेला होता. त्याची नळी इंधनाच्या नळीला घासून ती फाटली. दोन्ही इंजिनं विझल्यावर विमान १९ मिनिटं तरंगत अझोर्समधल्या लाजेस तळावर उतरलं आणि ३०६ जण वाचले. तो वैमानिकांचा कमालीचा हात होता, पण असमतोलाची चेकलिस्ट पाठ असल्यासारखी केली गेली हेही तितकंच खरं. कागदावर वाचली असती तर 'गळतीचा संशय असेल तर क्रॉसफीड उघडू नका' ही ओळ डोळ्यांसमोर आली असती.

ट्रेनिंग कॅप्टन, ए-३२०

हायड्रॉलिक. आमच्याकडे तीन रंगांच्या यंत्रणा, हिरवी, पिवळी, निळी, दाब ३,००० पीएसआय. हिरवी गेली की चाकं गुरुत्वाने सोडायची. मधल्या पेडेस्टलच्या मागे घडीचा हँडल असतो, तो उघडून घड्याळाच्या दिशेने तीन पूर्ण फेरे. तिसऱ्या फेऱ्याला चांगलाच जोर लागतो, आणि अर्ध्यावर सोडून 'झालं' म्हणणारे सिम्युलेटरमध्ये दर वेळी भेटतात. हिरवी नसताना चाकं परत वर येत नाहीत, दारंही उघडी राहतात. म्हणजे गो-अराउंडला (न टेकता परत वर जाताना) विमान जड चढणार आणि इंधन जास्त पिणार. हे गणित *आधी* करा. ऑटोब्रेक नाही, एका इंजिनाचा रिव्हर्सर (झोत पुढे वळवून वेग कमी करणारा) नाही. हिरवी आणि पिवळी दोन्ही गेल्यावरही साठवणीच्या दाबावर सात पूर्ण ब्रेक मिळतात, म्हणून ब्रेक एकदाच लावून धरायचा, सोडून-धरून करायचा नाही.

११ ऑक्टोबर २०२४ ला तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या ७३७ ने दोन तासांहून जास्त घिरट्या घेतल्या तेव्हा लोक विचारत होते, उतरत का नाही? ७३७ किंवा ए-३२० ला हवेत इंधन ओतून टाकून उतरण्याआधी वजन कमी करायची सोय नसते, ते जाळावंच लागतं, आणि ए-३२० तासाला साधारण अडीच टनच जाळतं. आग किंवा धूर असेल तर मात्र वजनाकडे बघायचं नाही, उतरायचंच. कमाल टेकऑफ वजनालाही मिनिटाला ३६० फुटांपर्यंत खाली येत टेकणं विमानाच्या पायांना सोसेल, असंच त्यांचं डिझाइन असतं.

केबिन सुपरवायझर

कॅप्टनकडून चार गोष्टी घ्यायच्या: काय झालंय, काय करणार, किती वेळ, खास सूचना. लगेच त्यांनाच वाचून दाखवायच्या आणि घड्याळ लावायचं. 'थोड्या वेळात' असं उत्तर आलं तर परत विचारा. दहा मिनिटांत लाइफ जॅकेटची तयारी वेगळी होते आणि तीस मिनिटांत वेगळी.

लायसन्स्ड इंजिनिअर

वैमानिक जे हवेत निस्तरतात त्यातलं बरंच आमच्या हँगरमध्ये रात्री तीनला सुरू झालेलं असतं. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या विमानाची कॅप्टनसमोरची काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. केबिन क्रूने पाय धरून ठेवले, तो वाचला. ९० पैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंच, म्हणजे सुमारे ०.६६ मिलिमीटर, बारीक होते. जुना बोल्ट हातात धरून नजरेने जुळवले होते, पार्ट नंबर कॅटलॉगमध्ये बघितला नव्हता. त्यातून ती काच बाहेरून बसवायची, म्हणजे आतल्या हवेचा सगळा दाब बोल्टवर.

वैमानिकांना एक विनंती. टेक्निकल लॉगमध्ये 'इंजिनाचा आवाज येतो' असं लिहू नका. कुठलं इंजिन, किती उंचीवर, एन-वन (पंख्याचा वेग) किती टक्के, व्हायब्रेशनचा आकडा, ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान), लिव्हर मागे घेतल्यावर फरक पडला का, हे लिहा. आणि गंभीर घटना असेल तर पार्किंगला आल्यावर कॉकपिटमधलं बोलणं टिपणाऱ्या व्हॉइस रेकॉर्डरचा सर्किट ब्रेकर ओढायला सांगा. अनेक विमानांत तो फक्त शेवटचे दोन तास ठेवतो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ७३७ मॅक्सचा डोअर प्लग (न वापरलेल्या दाराची जागा बंद करणारा भाग) हवेत निघून गेला. तो जागेवर धरणारे चार बोल्ट बसवलेच नव्हते, हे तपासात कळलं. कॉकपिटमधलं त्या वेळचं बोलणं मात्र कुणालाच ऐकता आलं नाही. विमान गेटवर उभं असताना वीज चालू राहिली आणि रेकॉर्डिंग पुसलं गेलं.