गर्दीच्या आतषबाजीत ट्रायपॉडला मनाई : मला ती पटते. तुमचं काय मत?

शटरवेडा

दरवर्षी दसऱ्याला आमच्या गावच्या मैदानावर रावणदहनाआधी तासभर आतषबाजी होते. गेली अकरा वर्षं मी तिचे फोटो काढतो आहे. मागच्या दसऱ्याला फाटकावर स्वयंसेवकांनी ट्रायपॉड आत नेऊ दिला नाही. मी तावातावानं भांडलो, शेवटी गाडीच्या डिकीत टाकून आलो. आता दसरा पुन्हा तोंडावर आलाय, आणि ती मनाई बरोबर होती असं मला मनापासून वाटतं.

कारण त्याच्या आदल्या वर्षीचं आहे. कॅमेरा बल्बवर लावलेला, म्हणजे बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं, आणि बटणाची केबल हातात. शेवटची मोठी फैर सुरू झाली आणि मागून रेटा आला. पाच-सहा वर्षांची एक मुलगी ट्रायपॉडच्या दोन पायांच्या मध्ये ढकलली गेली. तिच्या फ्रॉकचा मागचा बंद पायाच्या खटक्यात अडकला. वडील तिला वर ओढत होते, ती किंचाळत होती, आणि मी आधी कॅमेरा धरला. मग खाली वाकून खटका सोडवला. सगळं दहा सेकंदांत झालं, मुलीला काही लागलं नाही. पण मी आधी कॅमेरा धरला, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

उघडलेल्या ट्रायपॉडच्या दोन पायांत जमिनीवर जवळजवळ एक मीटर अंतर पडतं. मागे उभा राहणारा मी धरला तर दाटीत तीन-चार माणसांची जागा गेली. शिवाय अंधार, आणि सगळ्यांच्या नजरा आकाशात.

राहिला फोटोचा प्रश्न. आपण सगळे आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 100, अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ 8 ते 11 आणि शटर दोन ते पाच सेकंद उघडं, हेच शिकलो. पण ठिणगीच्या रेघेचा उजेड शटरवर ठरत नाही, कारण ठिणगी सेन्सरवर एका जागी थांबतच नाही, सरकत जाते. तो ठरतो अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर. म्हणजे शटर अर्ध्या सेकंदावर आणलं तरी आयएसओ वाढवायची गरज नाही, रेघ फक्त आखूड होते. मागच्या वर्षी मी खांबाला पाठ टेकून, कोपरं बरगड्यांना चिकटवून, आयएसओ 100 वरच काढले. निम्मे हलले. उरलेल्यांतले सहा एकावर एक ठेवून, प्रत्येकातला उजळ भाग घेऊन जोडले. चांगलं चित्र झालं.

कंपमापक

शटरवेडा, तुमचा प्रामाणिकपणा आवडला, पण निष्कर्ष अजिबात मान्य नाही. माझं वय 68. उजव्या हाताला कंप आहे, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. तुम्हाला खांब आणि कोपरं पुरतात, मला अर्ध्या सेकंदात आकाशभर शेवया मिळतात. ट्रायपॉड ही माझी काठी आहे. फाटकावर कुणाची काठी काढून घेत नाहीत ना? चाळीस वर्षं फिल्मपासून हे काम करतोय. सगळ्यात पुढे येऊन उभा राहिलो नाही, कुणाच्या वाटेत आलो नाही. शिस्त पाळणाऱ्यालाही तीच शिक्षा, याला नियम म्हणायचं?

कोबेकर

कामानिमित्त नऊ वर्षं जपानात आहे. इथे शेजारीच आकाशी शहर आहे. 21 जुलै 2001 ला तिथे समुद्रकिनाऱ्यावर आतषबाजी होती. किनारा आणि आसागिरी स्टेशन यांच्यामध्ये एक पादचारी पूल आहे. कार्यक्रम संपल्यावर परतणारे आणि अजून किनाऱ्याकडे निघालेले लोक त्या पुलावर समोरासमोर आले आणि अडकले. 11 जण गेले, त्यांतली 9 लहान मुलं.

आपल्याकडेही 2017 च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 माणसं गेली. काका, तुमची अडचण खरी आहे. पण अशा दाटीत पायात येणारी कुठलीही वस्तू मला नकोशी वाटते. एक माणूस पडला की त्याच्यावर दुसरा पडतो.

वऱ्हाडी

कोबेकर भाऊ, उदाहरण मोठं आहे पण इथं लागू नाही पडत. आकाशीच्या पुलावर ट्रायपॉडनं कोणी मेलं नाही. येणारे आन् जाणारे एकाच पुलावर सोडले म्हणून मेले. एल्फिन्स्टनचा जिना अरुंद होता. दोन्ही ठिकाणी चूक नियोजनाची. आपण मात्र ज्याला अडवणं सोपं त्याला अडवतो.

मैदानात काय काय येते ते पाहा. बाबागाडी येते, घडीची खुर्ची येते, खांद्यावर पोरगं बसवलेला बाप येतो, फुगेवाल्याचा बांबू येतो. हजार हात फोन घेऊन वर जातात आन् मागच्याला रावण दिसत नाही. त्यांना कोणी बोलत नाही. पत्रकारांसाठी मंचाच्या बाजूला लाकडी मचाण असते, त्यावर चार ट्रायपॉड आरामात उभे राहतात. तिथं धोका नाही, मग आमच्यासाठी दुसरं मचाण का नाही? नियम सुरक्षेसाठी असेल तर जागा द्या. नुसतं "नाही" म्हणणं म्हणजे काम टाळणं आहे.

अनुस्वार

मी अशाच एका उत्सव समितीत आहे, फाटकावर उभी राहते, म्हणून लिहिते. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात या तासाभरात लोंढा येतो. एकेका माणसाकडे बघायला दोन-तीन सेकंद मिळतात. काका, तुमचा हात थरथरतोय की नाही, तुम्ही मागे उभे राहाल की पुढे, हे त्या दोन सेकंदांत मी कसं ठरवू? तुम्हाला सोडलं की मागचा म्हणतो, त्यांना कसं सोडलं? मोनोपॉडचंही तेच. एकाच पायाचा, जागा कमी खातो, मान्य. पण पोलिसांच्या लेखी ती काठी, आणि काठी आत नको असं आम्हाला स्पष्ट सांगितलेलं असतं.

वऱ्हाडी दादा, मचाणाचं म्हणणं मात्र मला लागलं. आमच्या बैठकीत हा विषय कधी निघालाच नाही. कुणी मागितलंच नाही हे खरं, पण आम्हालाही सुचलं नाही.

कठड्यावरचा

मुंबईचा अनुभव. दिवाळीत मरीन ड्राइव्हवर मी ट्रायपॉड नेणं कधीच सोडलं. पावशेर राजमा भरलेली कापडी पिशवी नेतो, कठड्यावर ठेवतो, कॅमेरा तिच्यात दाबून बसवतो. दोन सेकंदांनाही हलत नाही. शटर टायमरवर टाका म्हणजे बोट लागायला नको. काका, हे तुमच्या कंपालाही चालेल. अट एकच, कठडा मोकळा हवा. 31 डिसेंबरला तिथे बसायलाही जागा नसते, तेव्हा पिशवी मांडीवरच राहते.

आणि पहिल्या दहा मिनिटांत काढून घ्या. नंतर वारा पडला की धूर साचतो आणि ट्रायपॉड असून-नसून सारखंच.

शटरवेडा

काका, तुमचं वाचून रात्रभर विचार केला. मी माझ्या धडधाकट हातांवरून नियम सगळ्यांना लावत होतो, ही माझी चूक. तरी गर्दीच्या मधोमध ट्रायपॉड नको, यावर मी ठाम आहे. वऱ्हाडी, मुलगी अडकली तेव्हा नियोजनही चुकलेलं असेल, पण खटका माझ्याच ट्रायपॉडचा होता. नियोजन सुधारेपर्यंत तो मी त्या जागी उभा करणार नाही.

कठड्यांच्या ओळीमागे, गर्दीच्या बाहेर, वीसेक जणांची वेगळी जागा मागू या. आधी नावं द्यायची, दिवस असताना आत यायचं, मैदान रिकामं होईपर्यंत हलायचं नाही. अनुस्वार ताई, असा अर्ज कुणाकडे करायचा?

अनुस्वार

आधी समितीला. पोलिसांची परवानगी समितीच्या नावावर असते, नकाशाही समितीच देते. नकाशा एकदा गेला की बदलायला कुणी तयार नसतं, म्हणून निदान महिनाभर आधी. कडेची जागा म्हणजे बहुतेक पाण्याच्या टाकीजवळची मिळेल.

कंपमापक

टाकी मैदानाच्या पूर्वेला असेल तर आधी वारा बघा. आमच्याकडे दसऱ्याच्या सुमारास संध्याकाळी पश्चिमेकडून वाहतो, सगळा धूर तोंडावर येईल. पश्चिमेची कड मागा. अर्जावर माझं नाव पहिलं घाला, सही मी येऊन करतो. थोडी वाकडी येईल.