मदत हवी आहे: वायफाय कार्ड दुसऱ्याच्या पत्त्यावरच्या फ्रेमलाही पोच का देतंय?

लिनक्स, एटीएच९के ड्रायव्हर (एथेरॉस वायफाय चिपसाठीचा). एकाच कार्डावर तीन आभासी इंटरफेस आहेत. मॅक पत्त्यांचा (प्रत्येक इंटरफेसची सहा बाइटांची ओळख) शेवटचा बाइट अनुक्रमे १०, ११, १२ (हेक्स), बाकी पाच बाइट सारखेच.

दुसऱ्या लॅपटॉपवरून शेवट १३ असलेल्या पत्त्यावर फ्रेम (वायफायवरचं डेटाचं एक पाकीट) सोडली. हा पत्ता कोणाचाच नाही, तरी लगेच एसीके (फ्रेम मिळाल्याची पोच) आली. एसीके फ्रेममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ताच नसतो, त्यामुळे ती कोणाची हे थेट दिसत नाही. पण १४ ला पाठवली तर एसीके नाही, आणि फक्त १० चा इंटरफेस चालू ठेवला तर १३ लाही नाही.

माझा अंदाज बीएसएसआयडी मास्कवर आहे (आलेल्या पत्त्याचे कोणते बिट जुळवून पाहायचे हे कार्डाला सांगणारी सेटिंग). तिन्ही पत्त्यांत शेवटचे दोन बिट बदलतात, म्हणून कार्ड ते तपासतच नसावं आणि १० ते १३ सगळे आत येत असावेत. एसीके काही मायक्रोसेकंदांत हार्डवेअरच देतं, तिथे सॉफ्टवेअरला वावच नाही.

टीसीपीडंप (फ्रेम पकडून दाखवणारं साधन) प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये, म्हणजे इतरांच्या पत्त्यावरच्या फ्रेमही घेणाऱ्या मोडमध्ये, लावून पाहिलं, १३ ची फ्रेम तिथे दिसत नाही. मॉनिटर मोड (हवेतल्या सगळ्या फ्रेम नुसत्या ऐकणारा) दुसऱ्या कार्डावर आहे, चॅनेल तोच. नेटवर्क आणि सगळी उपकरणं माझीच आहेत. तीन इंटरफेस हवेतच, कार्ड बदलता येणार नाही.

या ड्रायव्हरमध्ये मास्कऐवजी नेमक्या पत्त्यांची यादी हार्डवेअरला देता येते का? आणि १३ ची फ्रेम नंतर टाकून कोण देतं, ड्रायव्हर की मॅक८०२११ (ड्रायव्हरच्या वरचा लिनक्सचा वायफाय थर)?