सेंट्रल एसीच्या सर्व्हिसिंगला माणूस ठरवताना विचारायचं काय?

गारवा_हवाय
घरात डक्टवाला सेंट्रल एसी आहे, एकच आउटडोअर, आतलं युनिट फॉल्स सीलिंगच्या वर. दर उन्हाळ्याच्या तोंडावर कोणीतरी येतं, फिल्टर झटकतं, बाहेरच्या युनिटवर पाणी मारतं आणि निघताना ठरलेलं वाक्य, "गॅस जरा कमी वाटतोय, भरून टाकू?" नाही म्हणायचं तर का नाही ते तरी कळायला हवं ना! यंदा नवीन माणूस बघतेय. फोन केले तर कोणी जनरल सर्व्हिस म्हणतं, कोणी डीप, कोणी फुल, आणि आत काय काय येतं विचारलं की "मॅडम, सगळंच येतं".
सध्याची तक्रार म्हणजे टोकाच्या खोलीत हवेला जोरच नाही आणि मधूनच एका ग्रिलमधून पाणी टपकतं. फोनवर काय विचारू? आणि एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) घ्यावी का?

खटपट्या
पहिला प्रश्न हाच विचारा की गॅस कमी निघाला तर तू काय करणार. गॅस बंद पाइपात फिरत असतो, वापरून संपत नाही, कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय. "भरून देतो" म्हणाला तर फोन ठेवा. "आधी लीक शोधतो" म्हणाला तर पुढे बोला. दर वर्षी गॅस भरावा लागतोय याचा अर्थ एक तर लीक तसंच आहे नाहीतर गॅस कमी नव्हताच, आणि गरजेपेक्षा जास्त भरलेला गॅसही कॉम्प्रेसरला वाईटच.

पाना_पक्कड
याच लाइनीत आहे म्हणून जरा लांबण लावतो.

नुसतं गेज लावून प्रेशर बघितलं की गॅस कळत नाही. बाहेर ऊन किती, आत दमटपणा किती, ब्लोअर किती हवा ढकलतोय, सगळ्यावर प्रेशर बदलतं. नीट काम करणारा पाइपाला तापमानाचा क्लॅम्प पण लावतो आणि सुपरहीट, सबकूलिंग काढतो, म्हणजे त्या प्रेशरला गॅस उकळबिंदूपेक्षा किती गरम आणि द्रव किती थंड आहे ते. तुम्हाला ते गणित यायची गरज नाही, फक्त "सुपरहीट-सबकूलिंग लिहून देणार का" एवढं विचारा, समोरचा अडखळला की समजून जा. तेही मोजायचं हवेचा प्रश्न सोडवल्यावर. फिल्टर तुंबलेला असताना घेतलेल्या रीडिंगवरून गॅस भरायचा म्हणजे आंधळा कारभार.

हवेचं म्हणाल तर दर टनाला साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा कॉइलवरून, म्हणजे आतल्या थंड नळ्यांच्या जाळीवरून, जायला हवी. टोकाच्या खोलीत जोर नाही म्हणजे डक्टचा सांधा सुटलाय, फिल्टर भरलाय, ब्लोअरच्या पात्यांवर मळ बसलाय किंवा फिल्टरच नको इतका दाट बसवलाय. दाट फिल्टर चांगला असं लोकांना वाटतं, पण ब्लोअरला तो झेपायला हवा. स्टॅटिक प्रेशर, म्हणजे डक्टमध्ये हवेला किती अडथळा होतोय ते मोजणारा माणूस मिळाला तर सोडू नका.

घरच्या घरी करायची गोष्ट, एसी पंधरा-वीस मिनिटं चालू दिल्यावर रिटर्न ग्रिलपाशी (जिथून खोलीतली हवा परत आत ओढली जाते) आणि युनिटच्या जवळच्या ग्रिलपाशी थर्मामीटर धरा. फरक साधारण ८ ते ११ डिग्री सेल्सिअस हवा, दमट दिवशी थोडा कमी भरतो. त्यापेक्षा बराच जास्त आला तर हवा कमी पडतेय, बराच कमी आला तर गॅस किंवा कॉम्प्रेसरकडे बघायला लागेल.

पाणी टपकतंय ते बहुतेक ड्रेन. पाइपात शेवाळासारखा बुळबुळीत गाळ साचतो आणि ट्रे भरून वाहतो. ड्रेन साफ झाल्यावर ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतायला लावा आणि ते बाहेर पडताना स्वतः बघा. फ्लोट स्विच नसेल तर बसवून घ्या, ट्रे भरला की तोच एसी बंद करतो.

सावलीतला_माणूस
पाना_पक्कड, एवढं सगळं मोजणारा माणूस सापडला तर मला पण सांगा :)
गंमत सोडा, मी एक करतो, कामाच्या आधीचे नि नंतरचे कॉइलचे फोटो मागतो. सीलिंगवर चढून तिथे काय चाललंय ते आपल्याला खालून दिसत नाही. आउटडोअरवर प्रेशर वॉशर मारायला निघाला तर थांबवा, फिन्स (कॉइलवरच्या पातळ पत्र्या) वाकतात आणि मग हवाच जात नाही. आणि कॅपॅसिटर, म्हणजे मोटर-कॉम्प्रेसर सुरू करायला नि चालवायला मदत करणारा भाग. त्यावर मायक्रोफॅरड (त्याची क्षमता) छापलेले असतात, मीटरवर किती येतात ते दाखव म्हणायचं. छापील आकड्यापेक्षा ५-६ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर बदलू दे, नाहीतर "जुना झालाय" एवढ्यावर बदलायचा नाही.
एएमसी घ्या, पण काय येत नाही ते आधी वाचा. गॅस, कॉम्प्रेसर, पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड) वगळलेले असतील तर ती नुसती साफसफाईची वर्गणी आहे.

गारवा_हवाय
बापरे, केवढी माहिती! आज परत फोन केले. एकजण सुपरहीट ऐकून "गेजवर सगळं कळतं" म्हणाला, त्याला काट. दुसऱ्याने मलाच उलटे प्रश्न विचारले, फिल्टरचं माप काय, कधी बदललात, जाड पाइपावर बर्फ दिसतो का. वर चढून बघितलं तर आतल्या युनिटजवळ पाइपावर खरंच पांढरा थर! उद्या दुपारी येतोय तो. तोपर्यंत चालू ठेवू का?

पाना_पक्कड
अजिबात नको. कूलिंग बंद करा, नुसता फॅन चालू ठेवा, बर्फ वितळू दे. कॉइल गोठलेली असताना तो आला तर त्याला काहीच मोजता येणार नाही, उगाच परत बोलवायला लागेल. शिवाय अशा वेळी गॅस द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे परत जाऊ शकतो, ते महागात पडतं. वितळलेलं पाणी बरंच असेल, ड्रेन आधीच तुंबलाय, तेव्हा टपकणाऱ्या ग्रिलखाली बादली ठेवा. आणि तुम्हाला उलटे प्रश्न विचारणारा हाच माणूस घ्या.

गारवा_हवाय
केलं बंद, बादली पण ठेवली. त्याने रीडिंग लिहून दिले की इथे टाकते, जरा बघून सांगाल ना?